एकेचाळिसावी अंगठी

थर्मोकोलचा तुकडा पाण्यावर सोडून त्यावर अंगठी तोलताना खडेबुवांचा हात दोनदा हुकला. शवागाराच्या कचेरीत वाटी नव्हती, म्हणून कारकुनाने स्वतःच्या डब्याचे झाकण धुऊन, भरून दिले होते.

"काका, नुसतं बघून नाही कळत?"

"मोतीबिंदू आहे. हल्ली मला सगळंच माणिक दिसतं."

लाँच बुडाल्याला अकरा दिवस झाले होते. सापडलेल्या देहाला पाण्याने चेहरा ठेवला नव्हता, बोटात अंगठी तेवढी ठेवली होती. लेक त्या लाँचने निघणार होती. चढली की चुकली, कोणी सांगत नव्हते. रक्ताच्या तपासणीला दीड महिना लागणार होता. आणि फॉर्मवर नुसते 'लाल खडा' होते. सरकारी रकान्यात त्यापुढे जागा नव्हती.

"आमच्या पोरीचं अस्सल माणिक," बायको म्हणाली. "यांनीच बसवलेलं. लग्नात जावांची तोंडं बघायला हवी होती तुम्ही."

या घडणीच्या चाळीस अंगठ्या खडेबुवांनी पेढीसाठी केल्या होत्या. चाळिसांतही माणिक. एकेचाळिसावी लेकीची, आणि तिच्यात तामडा, म्हणजे साधे गार्नेट. घरी मात्र माणिक म्हणून सांगितले. जन्मभर दुसऱ्यांच्या माणकांना कोंदणे करणाऱ्याने एवढी थाप मारली तर बिघडले कुठे? पण थाप सांभाळावी लागे. तामडा तापून एकदम गार झाला तर तडकतो. म्हणून 'माणकाला कढत पाणी सोसत नाही' असे शास्त्र त्यांनी काढले, आणि दर वर्षी ती अंगठी कोमट साबणपाण्यात, मऊ ब्रशने स्वतः धुतली. बायकोने ते शास्त्र इतके पसरवले की गल्लीतली खरी माणकेही कोमट पाण्यातच न्हाऊ लागली.

"तामड्यात लोखंड असतं," त्यांनी कारकुनाला सांगितले. "लोहचुंबक आणलं की मागे येतो. माणिक जागचं हलत नाही."

"म्हणजे हललं तर आमचं नाही," बायकोने पिशवीचा बंद मुठीत आवळला. "हलू दे रे देवा."

दोघेही एकाच झाकणावर वाकले. ती खडा हलावा म्हणून, ते हलू नये म्हणून. मागणे दोघांचे एकच होते.

खडेबुवांनी लोहचुंबक वीतभर लांब धरले. मग चार बोटे.

"अहो, जवळ न्या की."

त्यांनी नेले. थर्मोकोल थरथरला, आणि हाक ऐकल्यासारखा सरकत येऊन कडेला टेकला.

बायको मटकन खुर्चीत बसली आणि हसली.

"बघा! नव्हतीच ती. चुकली असेल लाँच. वेंधळी ती वेंधळीच!" मग तिचा आवाज उतरला. "कुणाची पोर असेल हो? भाऊ, तिच्या आईला लवकर कळवा. असं ताटकळत नका ठेवू बिचारीला."

"कळवतो, काकू." कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "काका, 'आमची नाही' असं लिहा, खाली सही. मग तुम्ही मोकळे."

खडेबुवांनी अंगठी उचलली, रुमालाने टिपून कोरडी केली. पेनाला हात लावला नाही.

"चला," बायको उठत म्हणाली. "आता दोन घास उतरतील घशाखाली."

"बस जरा." त्यांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली. "तुला एक सांगायचं राहिलंय."

"काय हो?"

ती अजून हसतच होती.