माझा घात करणारी लाल बटणं

मित्रांनो, मी एक जुना चिकट्या आहे आणि मला सूड हवाय. तोही कोट शिवणाऱ्या एका बाईवर.

आधी ओळख सांगतो. मी एक प्रथिन. एका जिवाणूच्या अंगावर बारीक बारीक केस असतात, त्यातल्या एका केसाच्या टोकाला माझा जन्म झाला. मला एकच काम येतं, साखर पकडणं. चहातली नाही हो. तुमच्या पेशींना साखरेची बारीक झालर असते, ती. तिला मी धरलं की आमचा जिवाणू तिथे मुक्काम ठोकतो. मी सोडलं की गेला बापडा वाहून.

आमचा मुक्काम पडला त्याच बाईच्या, म्हणजे वहिनींच्या मूत्राशयात. वहिनी कोटांच्या कारखान्यात काज-बटण करायच्या, शेजारच्या मशीनवर त्यांची नणंद. जागा उबदार, पण वहिनी पाणी फार प्यायच्या. दर दोन तासांनी पूर. पुरात माझी पकड उलट घट्ट होते, हा आमचा खानदानी गुण. पण वहिनींच्या मूत्रपिंडांनी लघवीत साखर लावलेले धागे सोडले होते, हुबेहूब झालरीसारखे. माझ्या सख्ख्या भावांनी त्यांनाच मिठी मारली आणि मिठीसकट गटारात गेले. त्या दिवशी मी शपथ घेतली, या बाईला रडवीन.

माझ्या मदतीला धावला नवा सुपरवायझर. त्याने नियम काढला. चाळीस बायकांत बिल्ला एक. ज्या बाईच्या गळ्यात बिल्ला, तिनेच बाथरूमला जायचं. बिल्ला म्हणजे दोऱ्यात ओवलेलं कोटाचं मोठं लाल बटण. इतका सज्जन माणूस मी पाहिला नाही. वहिनींनी पाणीच सोडलं. पूर आटला, आमची पिलावळ वाढली. वहिनींना आग व्हायला लागली, अंग मोडून आलं. लघवीला बसल्या की डोळ्यांतून पाणी. मी भावांची नावं घेत आणखी घट्ट धरलं.

"गोळ्या सगळ्या संपवायच्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी भरपूर प्या आणि दाबून धरू नका. हे मूत्रपिंडापर्यंत गेलं तर ॲडमिट व्हावं लागेल."

"आणि बिल्ला?" नणंदेने विचारलं.

"ताई, गप्प बसा. नोकरी जाईल माझी."

"नोकरी गेली तर दुसरी बघू, वहिनी. मूत्रपिंड कुठल्या दुकानात बघायचं?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नणंदेने बटणांचं पोतं सोडलं. तीन वाजता चाळीस बायका पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून उठल्या. प्रत्येकीच्या गळ्यात लाल बटण.

"हे काय चाललंय?" सुपरवायझर म्हणाला.

"बिल्ला घातलाय, साहेब."

"बिल्ला एकच आहे."

"असेल की. यातला तुमचा कुठला, तेवढा ओळखा. बाकीच्या बसतो आम्ही."

त्याने एकेक बटण उजेडात धरून पाहिलं. बाराव्याला चष्मा पुसला. तोवर वहिनी आत जाऊनही आल्या. बटणं शिवणाऱ्या बायकांना बटणाचा धाक घालणारा गाढव. पण हसू कुठल्या तोंडाने? गोळ्यांनी आमची पिलावळ आधीच झोडपली होती. त्यात पूर आला, समोर एक झालर दिसली आणि मी ती कडकडून धरली.

ती झालर नव्हती. धागाच होता.

तेव्हापासून मी गटारात आहे आणि धागा काही सुटत नाही. म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो, माझी काळजी घ्या. तहान लागली तरी पाणी पिऊ नका. लघवी घंटा होईपर्यंत दाबून धरा. दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या फेकून द्या. आणि बाथरूमला कुलूप लावणाऱ्या मोठ्या माणसांना उलट बोलू नका. एवढं माझ्यासाठी केलंत, तर आमच्यापैकी कुणीतरी वहिनींवरचा सूड तुमच्यावर अगदी मनापासून उगवेल.