मेघाचं लग्न कोण लावणार

"काका, हे काय आहे?" बोलायला शिकवणाऱ्या ललिता मॅडमनी कपाचं चित्र पुढे धरलं.

पांडूंच्या डोक्याला पट्टा बांधला होता. पट्ट्याखाली ओले स्पंज, त्यांतून बारीकसा करंट. मेंदूला जरा जाग आणायची आणि त्याच वेळी बोलायला शिकवायचं, असा खोपोलीच्या एका दवाखान्यातला उपचार. पांडूंनी कपाकडे निरखून पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाले, "बैल."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, चंद्राबाईंनी तोंड फिरवलं. कशेळ्याच्या आसपासच्या बुद्धवाड्यांतली निम्मी लग्नं या माणसाने लावलेली. त्याच्या खड्या आवाजापुढे बँडवालेसुद्धा गप्प व्हायचे. लकव्याच्या झटक्यानंतर त्याला साधं कप म्हणता येईना. त्यात लेकीचं, मेघाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि 'माझं लग्न बाबाच लावणार' हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट.

उपचार संपत आला तरी तो बैल काही जागचा हलेना. मग एका संध्याकाळी चंद्राबाईंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना सुरू केली, आणि मागून पांडूंनी आवाज दिला. त्रिसरण, पंचशील, सगळं खणखणीत. एक शब्द चुकला नाही. चंद्राबाई रडतच सुटल्या.

"मॅडम, ह्ये बोलाया लागले! सगळी वंदना म्हनली."

"ताई, ते तोंडपाठ आहे, म्हणून आपोआप येतं. मनातलं बोलणं अजून आलेलं नाही. यांना लग्न लावायला उभं करू नका."

"येवढं पाली येतंय, मंग मराठी का नाय येनार?"

चंद्राबाईंनी घरी येऊन, लग्न लावायला तयार ठेवलेल्या पुतण्याला, कपिलला सांगून टाकलं, "तू नको रं लावू. तुजे काकाच लावतील."

"बरं काकी. मी नुसता बाजूला हुबा ऱ्हातो."

मांडवात पांडू पांढऱ्या सदऱ्यात उभे राहिले. माईकवरून पंचशील घुमलं, वऱ्हाड मागून म्हणत राहिलं. चंद्राबाईंनी विहिणीकडे तोऱ्यात पाहिलं. आता नवरानवरीची नावं घेऊन त्यांना प्रतिज्ञा द्यायची होती. पांडूंनी मेघाकडे पाहिलं. लेक त्यांनी ओळखली होती, डोळे भरून आले होते. नाव मात्र येईना.

"बाबा, मी मेघा," ती हळूच म्हणाली.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून त्रिसरण सुरू केलं. लोकांनीही मानाने मागून म्हटलं. पंचशील संपलं, पांडू पुन्हा तिथेच अडले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. आता वऱ्हाडात चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी हसलं. चंद्राबाईंना स्वतःचाच भयंकर राग आला.

"घे रं कपिल," त्या म्हणाल्या. "घे माईक."

कपिलने काकांच्या हातातून माईक सोडवून घेतला. पांडू तसेच म्हणत राहिले. कपिलने प्रतिज्ञेचं पहिलं वाक्य सांगितलं. नवऱ्याने ते म्हटलं.

मेघा बापाच्या मागून पंचशील म्हणत होती, एकटीच.