मास्तरांचा बरा झालेला खांदा

गणिताच्या मास्तरांचा उजवा खांदा आठ महिन्यांपूर्वी बॅडमिंटनच्या कोर्टवर कामी आला. एका स्मॅशसाठी त्यांनी वयाला न शोभणारी उडी मारली, शटल जाळीत गेलं आणि खांद्यात काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. तेव्हापासून मास्तर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. मागच्या बाकांवर गणित दिसायचंच नाही, आणि याबद्दल एकाही मुलाने कधी तक्रार केली नव्हती.

फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना एक हिरवा रबरी पट्टा आणि एक तक्ता दिला. पट्टा दाराच्या कडीला बांधायचा, रोज तीस वेळा ओढायचा आणि तक्त्यात खूण करायची. मास्तरांनी खुणा तेवढ्या मन लावून केल्या, त्याही दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी, एका बैठकीत.

"तीस दिवसांच्या महिन्यात एकतीस तारखेलाही व्यायाम केलात?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही गणितच शिकवता ना?"

मास्तर पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

खांदा बरा नाही हे खरं सांगितलं असतं तर जोडीदार हातचा गेला असता. हा जोडीदार म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला. बारा वर्षं दोघं डबल्स एकत्र खेळत होते. शाळेत मास्तरांना कुणी विचारत नव्हतं, घरात बायको विचारायची ते फक्त दूध आणलं का एवढंच. कोर्टवर मात्र लोक त्यांना 'जोडी' म्हणायचे. सलूनवाल्याने स्पष्ट विचारलं होतं, "मास्तर, खांदा बरा नसेल तर सांगा. तो बँकेतला कॅशियर माझ्याबरोबर खेळायला तयार आहे."

"ठणठणीत!" मास्तर म्हणाले. "त्या पट्ट्याने जादू केली बघ."

पट्टा तेव्हा कपाटात, पाकिटात, घडी न मोडता पडला होता.

मग मास्तरांनी डोकं लढवलं. कमरेखालचं शटल स्वतः घ्यायचं आणि डोक्यावर आलं की ओरडायचं, "तुझं!" सलूनवाला धावायचा. मागच्या कोपऱ्यात, पुढच्या कोपऱ्यात, मास्तरांच्या थेट टाळूवर आलेलं असलं तरीही. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर हात उचलून धरणारा माणूस संध्याकाळी दोघांचे स्मॅश एकटा मारायचा. सहा महिने हेच चाललं. जिंकले की मास्तर घाम न पुसता म्हणायचे, "शेवटी डबल्स म्हणजे डावपेच." पुसायला घाम नसायचाच म्हणा.

एका सकाळी शाळेआधी मास्तर केस कापायला गेले. सलूनवाला डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू देऊन कात्री चालवत होता. एक बाजू होईपर्यंत तो दोनदा थांबला.

"काय झालं रे?"

"खांदा, मास्तर. आठवडा झाला. काल दोन गिऱ्हाइकं परत पाठवली." तो ओशाळून हसला. "तुमचा बरा झाला ना? तो पट्ट्याचा व्यायाम दाखवा मला. टॉवेलने दाखवलात तरी चालेल."

त्याने टॉवेलचं एक टोक दाराच्या मुठीला बांधलं आणि दुसरं मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांना त्या व्यायामातलं एवढंच आठवत होतं की तो तीस वेळा करायचा असतो. त्यांनी टोक धरून हात वर न्यायला सुरुवात केली. हात छातीपाशी अडकला. त्यांनी दात आवळून पुन्हा जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, हात तिथेच. सलूनमध्ये चारही बाजूंना आरसे, त्यामुळे नजर चुकवायलाही जागा नव्हती.

सलूनवाला आरशातून बघत राहिला. तो चिडला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"म्हणजे सहा महिने," तो हळूच म्हणाला, "डोक्यावरचं सगळं मीच घेत होतो."

मास्तरांना लाज वाटली. "तू मला सोडून कॅशियरबरोबर खेळशील, याची भीती वाटली रे."

"आता कुणाबरोबरच नाही खेळत मी." त्याने कात्री ठेवून दिली. "दुसरी बाजू नंतर बघू, मास्तर. आज हात उचलवत नाही."

मास्तर अर्धं डोकं घेऊन वर्गात शिरले. फळ्याच्या खालच्या भागात त्यांनी गणित मांडलं. पाठीमागे सगळा वर्ग खिदळत होता, पण त्या दिवशी त्यांनी कुणालाही उभं केलं नाही.