जपानला निघालेला कोट

मित्रांनो, मी जपानला गेलो नाही. पद्माताईही गेल्या नाहीत, आणि आता जाणारही नाहीत. निकाल हा असा आहे. तो तुम्ही वाचलाच नाहीत असं समजा, चेहरा सरळ ठेवा, आणि सगळं अजून व्हायचंच आहे अशा उत्साहाने आपण सुरुवात करू.

मी थंडीचा कोट आहे. राहणार श्रीवर्धन, जिल्हा रायगड, जिथे थंडी पडली म्हणजे पंखा चारवरून तीनवर आणतात.

जन्म लुधियानाचा. तिथल्या एका कारखान्यात अकरा जणांनी मिळून मला शिवलं. एकाने बाह्या, एकाने टोपी, एकाने नुसती चेन. त्यातल्या एकानेही मला घालून पाहिलं नाही, कारण बाहेर जून होता. माझ्या कॉलरीच्या आत 'बदकाची पिसं भरलेला' अशी पट्टी आहे. मी आतून सांगतो, हे खोटं आहे. कुठल्याही बदकाचा माझ्याशी संबंध नाही. पण तेवढ्यावरून माझ्या मनात कधी कमीपणा आला नाही. आपल्याला एक दिवस बर्फ पाहायचा आहे, हे मला टाके पडत होते तेव्हापासून माहीत होतं.

पुण्याच्या एका फुटपाथवरून पद्माताईंनी मला उचललं. त्या वर्षी त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी जपानचा धडा यायचा. चार मोठी बेटं, भूकंप, ज्वालामुखी, मासेमारी. एकतीस वर्षं त्यांनी मुलांकडून होक्काइडो रंगवून घेतलं आणि स्वतः पुण्याच्या पुढे गेल्या नाहीत. मला विकणाऱ्याने विचारलं, "ताई, कुठे, मनालीला का?" त्या म्हणाल्या, "सापोरोला." त्याने सापोरो हिमाचलात असेल असं समजून मान डोलावली.

श्रीवर्धनला माझं स्वागत चांगलं झालं. पद्माताई रोज संध्याकाळी सवय व्हावी म्हणून दहा मिनिटं मला घालून आरशासमोर उभ्या राहायच्या. मागे सुपारीची वाडी, समोर समुद्राचा खारा वारा, आणि मध्ये घामाने निथळणारी एक शिक्षिका. शेजारच्या बायका मला बघायला यायच्या, हात लावायच्या, एकीने तर विचारलं, "आत किती गार वाटत असेल ना हो?" माझ्या आयुष्यातला हा कौतुकाचा काळ. नंतर तो परत आला नाही.

बेताची एक वही होती. टोकियो चार दिवस, क्योतो तीन, ओसाका दोन, सापोरो तीन. कुठल्या स्टेशनात लिफ्ट आहे, कुठल्या देवळाला किती पायऱ्या आहेत, मेतकूट आणि पोह्याचे पापड किती न्यायचे, सगळं लिहिलेलं. फक्त सापोरोच्या पानावर फारसं काही नव्हतं. 'सकाळी: बर्फात उभे राहणे. दुपारी: पुन्हा उभे राहणे.'

पायऱ्या मोजायचं कारण म्हणजे गुडघे. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "बाई, दोन हिवाळे धरा. जे चालायचंय ते चालून घ्या. पुढे तुमची शुगर बघता ऑपरेशनचं मी काही सांगू शकत नाही." म्हणजे घाई माझी नव्हती, गुडघ्यांची होती.

आता पद्माताईंचे यजमान, विश्वंभरराव. सुपारीची वाडी आणि नगरपालिकेत आवक-जावक विभागातली पस्तीस वर्षं नोकरी. आलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी आयुष्यभर एकच शेरा मारला, 'बघू'. सुपारी नेमकी हिवाळ्यात उतरते, वाडी सोडून कसं जाणार, असं ते म्हणाले. तेव्हा पद्माताईंनी झाडावर चढणाऱ्या चंदरला गाठून वाडीचं सगळं त्याच्यावर सोपवलं. सबब संपली. पुण्याला बँकेत असलेली मुलगी आश्लेषा आली आणि तिने तिघांची तिकिटं काढली. फेब्रुवारीतला शनिवार.

"शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतो," पंचांगातून मान वर न काढता विश्वंभरराव म्हणाले. त्या वारी त्या दिशेला निघू नये, असा त्याचा अर्थ.

"बाबा, विमान मुंबईहून सुटतं. मुंबई आपल्या उत्तरेला आहे."

"पण शेवटी जायचं कुठे?"

"जपानला."

"आणि जपान कुठे आहे?"

"पूर्वेला," पद्माताई एकतीस वर्षांच्या सवयीने म्हणाल्या. वर्गात हात वर केलेल्या मुलीसारख्या. मग त्यांना कळलं आपण काय केलं ते.

"बघ. तुझी आईच म्हणते."

आश्लेषाने कपाळावर हात मारला. पण विश्वंभररावांकडे तोडगा होता, आणि तो तोडगा म्हणजे मी.

मित्रांनो, तुमच्या घरात हे कुणी करत नसेल म्हणून सांगतो. मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी असलं, तर मुहूर्तावर आपली एखादी वस्तू त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग वार कुठलाही असो, माणूस जाता जाता ती उचलतो आणि पुढे जातो. अट एकच. ठेवलेली वस्तू प्रवास न करता घरी परत आणायची नाही. विश्वंभररावांच्या मते त्याने घरावर अरिष्ट येतं.

आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, मी जपानला निघालो. स्कूटरच्या पुढच्या बाजूला, विश्वंभररावांच्या पायांत. माझा हा परदेशप्रवास दीड किलोमीटरचा झाला. म्हसळ्याच्या रस्त्याला जिथे वस्ती संपते, तिथे सुकी मासळी विकणाऱ्या नीराबाईंचं घर आहे. पूर्वेचं शेवटचं घर ते.

"भाऊ, ह्यो कोन? मानूस हाय का गादी?"

"कोट आहे, नीराबाई. प्रस्थान ठेवायचंय. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"ऱ्हाऊ द्या की. माज्या बोंबलांना राखन झाली."

मला खुंटीवर टांगलं. खाली बोंबील, शेजारी सोडे. पहिल्या दिवशी मी श्वास धरून होतो. दुसऱ्या दिवशी आमच्यातला फरक कमी झाला.

बुधवारी विश्वंभरराव आले. फोन कानाला होता आणि आश्लेषाचा आवाज खुंटीपर्यंत ऐकू येत होता.

"बाबा, ते काका तुम्हाला ओळखत तरी होते का?"

"भावकी ओळखीवर नसते, आशू. म्हसळ्याचे दादा गेले. दहा दिवस सुतक. सुतकात एवढा प्रवास आपल्याकडे कुणी करत नाही."

"ते ब्याण्णव वर्षांचे होते!"

"म्हणून काय गेले नाहीत?"

फोन ठेवून ते पायरीवर बसले, पाणी प्यायले. सुतक लागलेल्या माणसाच्या मानाने चेहरा फारच टवटवीत होता. नीराबाई मासळी निवडता निवडता त्यांच्याकडे बघत होत्या.

"भाऊ, येक इचारू? तुमाला इमानाचं भ्याव वाटतं ना?"

विश्वंभररावांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "एकदा रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेलो होतो. पूर्ण वेळ डोळे मिटून खांब धरून उभा होतो. लोकांना वाटलं, जप करतोय. नीराबाई, तेव्हा खाली निदान पाणी होतं. विमानाच्या खाली काय असतं?"

"आमची मान्सं रोज जातात पान्यात. भ्याव त्यांना बी वाटतं. सांगून मोकळं व्हा बाईंना."

"नको. हसेल ती."

"न्हाय हसनार."

"हसेल. तुम्हीही सांगू नका. शपथ आहे."

नीराबाईंनी शपथ पाळली. मीही पाळली, पण त्यात माझं मोठेपण काही नाही. मला चार खिसे आहेत, तोंड एकही नाही.

शनिवार गेला. विमानही गेलं, आमच्याशिवाय. मी खुंटीवर होतो, कारण परत नेता येत नाही. प्रस्थानाची मुदत फार तर दहा दिवसांची असते, पण विश्वंभररावांनी ती वाढवली. आवक-जावकमधला माणूस तो, मुदतवाढ त्याच्या हाताचा मळ. पुढच्या हिवाळ्यापर्यंत प्रस्थान ग्राह्य धरण्यात आलं.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. विश्वंभरराव खूश राहू लागले. बाजारात कुणी विचारलं, "काय, जपानचं काय झालं?" की म्हणायचे, "प्रस्थान झालंय आमचं!" लोक अभिनंदन करायचे. एकाने तिकडे घड्याळं स्वस्त मिळतात का असंही विचारलं, आणि विश्वंभररावांनी थोडा विचार करून उत्तर दिलं. महिन्यातून एकदा ते मला बघायला यायचे, बाहीवरची धूळ झटकायचे, समाधानाने घरी जायचे. निम्मा प्रवास झालेला माणूस जसा दिसतो, तसे दिसायचे.

पावसाळ्यात मला बुरशी आली. टोपीत पालीने अंडी घातली. ऊन पडलं की नीराबाई बोंबलांच्या शेजारी मलाही काठीवर वाळत घालायच्या, आणि गिऱ्हाईक दोघांनाही चाचपून बघायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात आश्लेषाने पुन्हा तिकिटांचं काढलं. विश्वंभररावांनी पंचांगात शुक्राचा अस्त शोधून काढला. "आई, आपण दोघीच जाऊ," असं ती म्हणाली होती, हे मला नंतर कळलं. पद्माताई म्हणाल्या होत्या, "ते नाही कुठे म्हणतायत? येतो म्हणतायत. थोडं थांबू." शुक्र यथावकाश उगवला. त्याला गुडघे नसतात.

तिसऱ्या हिवाळ्यात, एका दुपारी, नीराबाईंच्या दारात रिक्षा थांबली. पद्माताई उतरल्या. उतरायला त्यांना इतका वेळ लागला की रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. हातात चार पायांची काठी. दोन वर्षांनी मी त्यांना बघत होतो, आणि मला वाटलं, आता मला नेणार.

"या बाई, बसा," नीराबाई म्हणाल्या.

"बसले की उठता येत नाही गं. कोट दे."

त्यांनी मला घातलं. बाहेर तेहतीस अंश होतं. भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. एक मिनिट झालं असेल, पाय थरथरायला लागले. मला आतून कळत होतं.

नीराबाईंना राहवेना. "बाई, पेटीत बरफ हाय मासळीचा. फोडून हितं पसरते. घडीभर उभ्या ऱ्हावा त्याच्यावर."

"नको."

"मनाला तेवढंच..."

"मनाला फसवायचं काम आमच्या घरात एक जण करतोय, नीराबाई. तेवढं पुरे."

नीराबाई पेटीपासून मागे सरल्या.

"परवा सांगितलं ह्यांनी," पद्माताई म्हणाल्या. "डॉक्टर ऑपरेशन होणार नाही म्हणाले, त्याच संध्याकाळी. म्हणे, आता तुला जायचंच नाही तर सांगतो, मला विमानाची भीती वाटते." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "भीती वाटते एवढं म्हणाले असते ना, तर मी एकटी गेले असते. आशूबरोबर गेले असते. मुहूर्त नाही म्हणाले, म्हणून थांबले."

"हसला न्हाईत ना?"

"तुला माहीत होतं?"

नीराबाईंनी बोंबलांकडे बघितलं.  पद्माताईंनी चेन उघडली आणि एकेक बाही सोडवून मला अंगावरून उतरवलं.

तेवढ्यात नीराबाईंचा मुलगा प्रीतम आतून आला. तळोज्याला मासळी गोठवायच्या कारखान्यात त्याला नुकतंच काम लागलं होतं.

"प्रीतम, भूगोलात किती होते रे तुला?"

"पस्तीस, बाई. ते पण तुमी दिले म्हनून."

"तिकडे आत थंडी असते ना?"

"वजा अठरा, बाई."

"मग हा घेऊन जा."

"पन बाई, परस्थान हाय ते," नीराबाई म्हणाल्या. "परत न्यायाचं न्हाय म्हनतात."

"परत कुठे नेतेय? पुढे पाठवतेय."

"आनि भाऊंनी इचारलं तर?"

"सांग, गेला."

रिक्षा वळली आणि पश्चिमेला घराकडे गेली. चढायलाही तेवढाच वेळ लागला होता.

तर मित्रांनो, मी आता तळोज्याला असतो. मला हवी होती ती थंडी मिळाली. दिवसाला तीन पाळ्या, तीन माणसं, कुणाच्या अंगावर मी बसत नाही. माझ्यासमोर माकूळ, म्हणजे स्क्विड, गोठतं, खोक्यात बसतं आणि कंटेनरमध्ये जातं. खोक्यांवर छापलेलं असतं, ओसाका, योकोहामा. सगळं माकूळ जपानला जातं. त्याला कुणी वार विचारत नाही. सुतकाचा तर प्रश्नच नाही, कारण मेलेलं तेच असतं. मी दारापर्यंत जातो, खोकं देतो, दार बंद होतं.

आमच्यासारख्यांनी शेवटी काळजीबद्दल चार शब्द बोलायचे असतात. कोट उन्हात वाळवा, खिशात डांबरगोळ्या ठेवा. पण खरं सांगू, कोटाचं काही बिघडत नाही. कोट थांबू शकतो. तुमच्या घरात कुणी वही घेऊन बसलं असेल आणि तुम्हाला भीती वाटत असेल, तर भीती वाटते म्हणा. त्याने त्या माणसाची वाट मोकळी होते. बाकी कारणं नीट जपून ठेवलेली असतात आणि ती कुणाच्या उपयोगी पडत नाहीत.

एक अर्ज तेवढा राहिला.

प्रति, मा. व्यवस्थापक, शीतगृह, तळोजा. विषय: निर्यातीच्या मालात एक नग वाढवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, पुढील कंटेनर भरून झाल्यावर दाराशी जी जागा शिल्लक राहते, ती सौ. पद्मा विश्वंभर दातार, सेवानिवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट, यांना मंजूर करण्यात यावी. त्यांना चालता येत नाही. मालालाही येत नाही. त्यामुळे हाताळणीत कोणताही बदल संभवत नाही. बंदरावर उतरवून त्यांना उत्तरेकडे, बर्फ असेल तिथवर पोचते करावे. उभे राहता न आल्यास टेकवून ठेवावे. परतीची तारीख कळवण्याची आवश्यकता नाही. मंजुरीची एक प्रत त्यांच्या यजमानांना माहितीस्तव पाठवण्यात यावी, मात्र त्या पोचल्यानंतरच.