खुणेचा हात

घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल काही केल्या बसत नव्हतं, आणि समोरच्या वकीलबाई तिच्या उजव्या मनगटाकडे, पट्ट्याखालच्या त्या पांढुरक्या डागाकडे, लॉटरी लागल्यासारख्या बघत होत्या.

"उजवा? अहो, नोटिशीत तर डावा लिहिलाय!"

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचं यंत्र गुरगुरत होतं. ती उगाच ते ऐकत राहिली. नोटीस जगभरच्या पोलिसांना गेलेली — ही बाई दिसली की धरा. गुन्हा काय, तर सरकारी इंजिनिअर असताना तिनं पूल कच्चा आहे असं कोर्टात सांगितलं. बांधणारा मंत्र्याचा मेहुणा. पुढे पूल पडला, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी — घातपाताचा आळ तिच्यावरच. देश सोडून ती इथे आली खरी, पण नोटीस निघाल्यापासून विमानतळाचं दार बंद, आणि दोन देशांपलीकडे लेकीचे दिवस भरत आलेले... "आई, तू येशील ना?" असं विचारायचंही आता पोरीनं सोडलं होतं.

"राजकीय सूड आहे हे पटवायला वर्ष जाईल," वकीलबाई म्हणाल्या, "पण अंगावरची खूणच चुकली असेल तर नोटीस टिकणं कठीण. नोटीस काढणाऱ्यांना आजच लिहू."

"आपण लिहिलेलं तिकडे, आमच्या सरकारला कळतं?"

"कळणारच. त्यांचं म्हणणं मागवतात ना."

आणि खूण त्यांना सांगितली कुणी? आईच्या मागे हा डाग ठाऊक असलेलं माणूस एकच — ताई. नोटीस पहिल्यांदा वाचली तेव्हाच तिनं ओळखलं होतं, ताईनं सगळं ओकलंय : उंची, चालताना किंचित झुकणारा खांदा, घाबरली की नखं कुरतडणं... रागानं आंधळ्या झालेल्या डोळ्यांनी 'मनगट' तेवढं वाचलं, हात कुठला ते पाहिलंच नाही. त्या दिवशी ताईच्या नावानं तिनं मनातल्या मनात आंघोळ करून टाकली होती. पण म्हणून का ताई जाते? आठवणीतल्या मागच्या खोलीत ती अजून इस्त्री करतेच आहे — निळ्या चौकड्यांचा फ्रॉक, एक बाही कडक, एक चुरगळलेली, दमट कापडाचा तो ऊबदार वास — आणि शेंडेफळाचा हात मध्येच आगाऊपणानं पुढे...

आईनं विचारलं तेव्हा ताई म्हणाली, हो, इस्त्रीच लागली. हो, मीच करत होते. माझाच धक्का लागला तिला. आगाऊपणाचं नावही काढलं नाही, आणि मार मुकाट्यानं खाल्ला. मग डागावर टूथपेस्ट लावता लावता, नाक पुसत, हसत म्हणाली, "शेंडेफळा, खोटं बोलायचं ना, तर सगळं खरं सांगायचं. एकच गोष्ट बदलायची. मग कुणी उकरत बसत नाही."

उंची खरी होती, खांदा खरा, नखंही खरी... आणि हात?

तिला एकदम भरून आलं. किती वर्षांत ताईचा आवाज असा कानाशी आला नव्हता! त्या पोलिसांसमोर, खुर्चीच्या कडेला बसून, पदर आवळत... की विसरली गं ती? वय झालं तिचंही. समोरासमोर बसलं की माझा उजवा तिला डावीकडेच दिसायचा.

"लिहू ना?" वकीलबाईंनी पेन उघडलं. "एका ओळीचं काम आहे."

ताई विसरली असेल, तर प्रश्नच मिटला. ती ओळ जाऊ दे, नोटीस उडू दे, लेकीच्या उशाशी बसता येईल. आणि मुद्दाम खोटं बोलली असेल, तर ती ओळ म्हणजे ताईला आपल्या हातानं त्यांच्या तोंडी देणं. मग लिहायचं नाही, आणि लेकीकडची वाट पुन्हा बंद. सरळ होतं सगळं. विसरली असेल, असंच म्हणायला हवं होतं, त्यातच सगळ्यांचं भलं होतं.

"जरा थांबा," ती म्हणाली. आणि लेकीची शपथ, त्या क्षणी तिच्या मनात एवढंच होतं... ताई, तू विसरली नसशील ना?