चित्रातला एकटा कोळी

शिकवणीला येणाऱ्या जोवेलिनच्या वहीतल्या चुका लोला मेडिंगच्या डोक्यातून जाईनात.

लोला म्हणजे आजी. सगळं गावच तिला तसं म्हणायचं. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई ती. इंग्रजीत काम करणारा एकच असेल तर क्रियापदाच्या शेवटी 'स' लागतो, अनेक असतील तर लागत नाही. गावच्या बोलीत एकाने ओढा नाहीतर दहाजणांनी ओढा, शब्द तोच. त्यामुळे पोरं आधी 'स' विसरतात, मग दिसेल तिथे चिकटवत सुटतात आणि वर्षभरात ताळ्यावर येतात. हे सगळं तिच्या ओळखीचं होतं.

जोवेलिनचं तसं नव्हतं. कोंबडी अंडं घालते, कुत्रा भुंकतो, लोला केस विंचरते, ही वाक्यं बरोबर. बाबा जाळं ओढतो, काका होडी उचलतो, आई मासे वाळवते, ही चूक. तीन आठवडे हेच चाललं होतं.

सोमवारी परीक्षा होती. मिस अर्सेली दहा चित्रं दाखवणार, मुलांनी दहा वाक्यं बोलायची. सात बरोबर आली नाहीत, तर महिनाभर पहिलीच्या वर्गात बसायचं. पहिलीत जोवेलिनचा धाकटा भाऊ तोतो होता.

"त्यानं बाकावर खडूनं रेघ मारून ठेवलीय," जोवेलिन म्हणाली. "म्हणतो, ताई, रेघेच्या आत बसायचं हं."

"मग नको ना जाऊस तिथे. हे बघ, बाबा किती?"

"एक."

"मग 'स' का नाही लावलास?"

जोवेलिनने अंगठ्याने जमीन उकरली. "तिथे तो बसतच नाही, लोला."

"का बसत नाही?"

"काय माहीत. तोंडात येत नाही."

लोलाने एका कागदावर बरोबर वाक्यं डावीकडे लिहिली, चुकलेली उजवीकडे, आणि कागद चुलीजवळ टांगला. उकडलेलं केळं खाता खाता ती त्याच्याकडे बघत राहायची. माणसं आली की पोर अडते म्हणावं, तर लोला माणूसच होती. घरची माणसं म्हणावं, तर परवाच 'आई झोपते' बिनचूक आलं होतं.

शनिवारी सकाळी ती मासळी घ्यायला स्वतःच किनाऱ्यावर गेली. समुद्रातून जाळ्याचे दोन दोर वर आले होते आणि एकेका दोराला पंधरा-वीस माणसं लागली होती. जोवेलिनचा बाप कार्डो कमरेभर पाण्यात सगळ्यांच्या पुढे होता.

"लोला, नुसत्या बघताय होय?" तो ओरडला. "दोराला हात लावा, नाहीतर माशाचं डोकंसुद्धा मिळायचं नाही."

दोराला हात लावील त्याला वाटा, मग तो कुणी का असेना. जोवेलिनही दोराला लागली होती. लोलाने चपला काढल्या आणि तिच्या मागे दोर धरला.

"जोवी, जाळं कोण ओढतंय गं?"

"बाबा."

"आणि हे बाकीचे?"

जोवेलिनने वळून पाहिलं. शिकवणाऱ्या बाईने असलं काही विचारावं याचं तिला नवल वाटलं असावं. "तेच की. बाबा ओढतो म्हणजे सगळेच ओढतात. एकट्याला जाळं येतं का कधी?"

लोलाचे हात सैल पडले.

"आता माशाची शेपूटही गेली हो तुमची," मागून कुणीतरी म्हणालं.

पण ती पलीकडे बघत होती. एका होडीला आठजणांनी खांदा दिला होता. बांबूच्या एका मांडवावर तीन घरच्या बायका मासे पसरत होत्या. आणि आपण तीन आठवडे त्यावर लाल रेघा मारत होतो.

दुपारी तिने जोवेलिनला जवळ बसवलं. "तुझं काही खोटं नाही, बाळा. पण इंग्रजीत जेवढ्यांचं नाव घेतलं तेवढेच मोजतात. मिसच्या चित्रात एकच माणूस असेल, तर एकच."

"बाकीचे कुठे जातात?"

"कागदावर मावत नाहीत."

"मग त्यांच्या वाट्याचं काय?"

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "मला नाही माहीत," लोला म्हणाली.

सोमवारी ती वर्गाच्या खिडकीबाहेर येऊन बसली. पाच चित्रं झाली, त्यातली दोन चुकली. सहाव्यात किनारा होता, जाळं होतं आणि ते ओढणारा एक माणूस. जोवेलिन पुढे वाकून चित्राच्या कडा न्याहाळू लागली.

"बोल गं, जेवायची वेळ व्हायला आली," मिस अर्सेली म्हणाली.

"मिस, याच्या मागे कुणीच नाहीये?"

मिसने चित्र उलटून मागची बाजू पाहिली. वर्ग हसला. "नाही. एकटाच आहे."

"दुसऱ्या दोरालापण नाही?"

"नाही गं बाई."

जोवेलिनने त्या माणसाकडे पुन्हा नीट पाहिलं. "बिचारा," ती म्हणाली. मग तिने सावकाश वाक्य उच्चारलं, 'स'सकट.

उरलेल्या चारांत तिने प्रत्येक वेळी आधी विचारलं, हा एकटाच आहे ना? मिस आधी वैतागली, नंतर आपणहूनच सांगू लागली. दहातली आठ बरोबर आली.

वर्ग सुटल्यावर मिस अर्सेली ते चित्र घेऊन खिडकीशी आली. "लोला, ही पोर म्हणते ते खरंय," ती म्हणाली. "एवढं जाळं हा एकटा ओढेल कसा?"