अंजनाबाईच्या डोक्यावरचं घमेलं

मी घमेलं बोलतोय. रेती, गिट्टी, सिमेंटचा माल वाहून पोचे पडलेलं लोखंडी घमेलं. आज मी संतापलोय, तेवढं ऐकून घ्या.

शहराकडेच्या बेसा भागात एका टॉवरच्या कामावर मी अंजनाबाईच्या डोक्यावर असायचो. ती आणि तिचा नवरा कवडू गडचिरोलीकडून मजुरीला आलेले. डोक्यावर ओझं असलं की मान ताठ लागते, नाहीतर माल सांडतो. ती तशीच पाच मजले चढायची.

एक दिवस परांचीची फळी मोडली आणि कवडू पाचव्या मजल्यावरून खाली आला, जागीच गेला. फळी आतून सडली होती. आदल्याच दिवशी त्यानं ती मुकादम धोंडबाला दाखवली होती. संध्याकाळपर्यंत नवी फळी लागली, आणि नवी गोष्टही तयार झाली: कवडू प्यायलेला होता.

मग सिनेमावाले आले. दिग्दर्शक रजत लंडनला शिकून आलेला. परमुलखातल्या मजुरांचं दुःख तो तिकडच्या महोत्सवात दाखवणार होता. बिल्डरनं त्याला जागा फुकट दिली, वर कवडूची ती गोष्टही दिली. मजुरांना कुणी काही विचारलं नाही. अंजनाबाईला मात्र कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

"काकू, जरा वाकून चाला. अशा ताठ चालता, मजूर वाटत नाही."

"वाकले तं माल तुह्या अंगावर सांडन, बाबू!"

बाकीच्या मजूर बाया खुदखुदल्या. मग त्यानं संवाद सांगितला: 'नवरा दारू पिऊन पडला, साहेब. मला कामावर ठेवा.'

धोंडबा पुटपुटला, "बोलून टाक वं. नाही तं उद्यापासून येऊ नको."

"काहून बोलू? माह्या माणसानं त्या दिवशी थेंब नाही घेतला. फळी सडकी होती. तुले दाखवली होती ना गा त्यानं?"

धोंडबानं तोंड फिरवलं. रजत मात्र उठून टाळ्या वाजवायला लागला. "वा! हाच राग पाहिजे! आता याच रागात तो दारूचा डायलॉग म्हणा."

अंजनाबाईनं मला खाली ठेवलं आणि फाटकाबाहेर निघून गेली.

तिच्या जागी हर्षा नावाची नटी आली. माझ्यात थर्माकोल भरला. ती वाकून चालली, रडत रडत ते वाक्य म्हणाली. लंडनला सिनेमा बघून लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे.

आता मी रजतच्या धरमपेठेतल्या ऑफिसात, काचेच्या कपाटात आहे. पाहुणे येतात, मला बघून हळहळतात.

हळहळू नका. खिडकीतून खाली बघा. चौकातल्या मजुरांच्या ठिय्यावर सकाळपासून अंजनाबाई काम शोधत उभी आहे. खाली उतरा. कवडू कसा मेला, तिला विचारा. आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तिथंच थांबा.